मोटरसायकलवर दुतर्फी रेडिओ : बॅटरीपासून हेल्मेटपर्यंतच्या नोंदी

काम : चालत्या मोटरसायकलवरून, हँडलवरचा हात न काढता, ताशी ८० किलोमीटर वेगाला बोललेलं समोरच्याला शब्दन् शब्द कळलं पाहिजे.

पट्टा : २ मीटरचा हौशी पट्टा, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ, एफएम. दोन्ही टोकांच्या माणसांकडे हौशी रेडिओचा परवाना आहे. तो नसेल तर या पट्ट्यावर पीटीटी (बोलण्यासाठी दाबून धरायचं बटण) दाबायचं नाही. आपल्या देशात विनापरवाना वापरता येणारे कमी शक्तीचे सेट मिळत असतील तर ते घ्यावेत. मात्र त्यांतल्या पुष्कळांना बाहेरची अँटेना लावायला मनाई असते, तेव्हा खालच्या अँटेनाच्या नोंदी तिथे चालणार नाहीत. वीज, माइक, पीटीटी आणि अर्थिंगच्या नोंदी जशाच्या तशा चालतील.

गाडी : सिंगल सिलिंडर, इंजेक्शनची, १२ व्होल्ट, बॅटरी ८ अँपिअर-तास, स्टेटर (इंजिनवर फिरून वीज देणाऱ्या जनित्राचा भाग) कागदावर ३०० वॅटचा.

६ ऑक्टोबर : वीज किती उरते

सेट निवडण्याआधी हे मोजून घेतलं. स्टेटरचा कागदावरचा आकडा वरच्या आरपीएमचा असतो, रोजच्या चालवण्यात तेवढी वीज मिळत नाही. डीसी क्लॅम्प मीटरने गाडीचा स्वतःचा खर्च पाहिला : हेडलाइट, पंप, इंजेक्शन आणि पंखा चालू असताना १४.१ व्होल्टला १३ अँपिअर, म्हणजे सुमारे १८३ वॅट.

शिल्लक किती ते काढायची सोपी रीत अशी. बॅटरीच्या टर्मिनलवर ५५ वॅटचा हेडलाइटचा बल्ब जोडायचा आणि व्होल्टमीटर लावून आरपीएम बदलायचे. ३५०० आरपीएमला व्होल्टेज १३.६ वर टिकलं, म्हणजे तिथे ५५ वॅट निभतात. १४०० च्या आयडलला पाच मिनिटांत १२.५ वर आलं. याचा अर्थ आयडलला बल्ब बॅटरीतून जळतोय.

२५ वॅटचा एफएम सेट पूर्ण शक्तीवर साडेपाच अँपिअर ओढतो, म्हणजे १३.८ व्होल्टला ७६ वॅट. तोच सेट १० वॅटवर ठेवला तर साडेतीन अँपिअर, ४८ वॅट. नुसतं ऐकताना ०.४ अँपिअर. ४८ वॅट चालत्या गाडीच्या शिल्लकीत बसतात, ७६ बसत नाहीत. बोलणं सलग नसतं म्हणून २५ वॅटही चालून जातील, पण सिग्नलला थांबून गप्पा मारल्या तर बॅटरी उतरणार.

ठरलं : २५ वॅटचा गाडीचा सेट, वापर १० वॅटवर. ५ वॅटचा हातातला सेटही शक्तीच्या बाबतीत पुरला असता, कारण ५ आणि १० वॅटमध्ये फक्त ३ डेसिबलचा फरक आहे. गाडीचा सेट घेतला तो स्पीकरला मिळणाऱ्या दोन-तीन वॅटसाठी, सुट्या होणाऱ्या, बटणांच्या पुढच्या पट्टीसाठी आणि थेट १३.८ व्होल्टवर चालतो म्हणून. हातातला सेट वापरायचा तर एक गोष्ट लक्षात असू द्या : त्यांतले बरेचसे ७.४ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, गाडीची वायर सरळ लावली तर जळतील.

८ ऑक्टोबर : बॅटरीपासून सेटपर्यंत

पॉझिटिव्ह थेट बॅटरीवरून घेतला. इग्निशनच्या किंवा हॉर्नच्या वायरला टॅप मारून सेट चालवायचा नाही. त्या वायरी बारीक असतात आणि त्यांत गाडीभरचा गोंगाट असतो.

वायर २.५ चौरस मिलिमीटरची, तांब्याची, बारीक तारांची. २ मीटर जायला आणि २ मीटर यायला, एकूण ४ मीटर. या वायरचा रोध मीटरला साधारण ७.४ मिलिओहम, म्हणून ४ मीटरला ३० मिलिओहम. ६ अँपिअरला घट ०.१८ व्होल्ट. १ चौरस मिलिमीटरची वायर घातली असती तर हीच घट ०.४ व्होल्टच्या वर गेली असती. बहुतेक सेट १३.८ व्होल्टच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे चालतात, म्हणजे खालची हद्द ११.७. बॅटरी आधीच १२.४ वर असेल तर बारीक वायरीतलं प्रत्येक दशांश व्होल्ट महाग पडतं.

फ्यूज १० अँपिअरचा, बॅटरीच्या टर्मिनलपासून १५ सेंटिमीटरच्या आत, पाणी न जाणाऱ्या होल्डरमध्ये. फ्यूज वायरीला वाचवायला असतो. तो सेटजवळ बसवला आणि मधली वायर सीटखाली घासून उघडी पडली, तर आग लागेपर्यंत फ्यूजला पत्ताच लागणार नाही.

निगेटिव्हवर बरीच चर्चा झाली. तो थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर नेला तर गोंगाट कमी, पण एक धोका राहतो. इंजिनला बॅटरीशी जोडणारी जाड अर्थिंगची पट्टी कधी सैल झाली, तर स्टार्टरचा शंभराच्या घरातला करंट परतीसाठी दुसरी वाट शोधतो : चासी, अँटेनाचा ब्रॅकेट, कोअॅक्सची (अँटेनाच्या केबलची) जाळी, सेटची बॉडी आणि सेटचा निगेटिव्ह. तेव्हा सेटसकट सगळं जळतं. निगेटिव्ह त्या पट्टीच्या चासीकडच्या बोल्टवर जोडला, तिथेही रंग खरवडून. बॅटरीवरच न्यायचा असेल तर निगेटिव्हलाही तेवढाच फ्यूज हवा.

रिले चार पायांचा, १२ व्होल्ट. पाय क्रमांक ३० वर फ्यूजमधून आलेला पॉझिटिव्ह, ८७ वर सेट, ८६ वर पार्किंग लाइटची किल्लीवर चालू होणारी वायर, ८५ चासीला. कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा, पट्टी ८६ कडे. डायोड नसेल तर किल्ली बंद करताना कॉइलमधून मोठा झटका उठतो आणि त्याच वायरीवरच्या इतर इलेक्ट्रॉनिक्सना बसतो. रिले चैन म्हणून लावलेला नाही. सेट नुसता ऐकण्यावर रात्रभर चालू राहिला तर दहा तासांत ४ अँपिअर-तास जातात, ८ च्या बॅटरीतले निम्मे, आणि सकाळी सेल्फ लागत नाही.

सगळी थिंबलं क्रिंप केली, सोल्डर नाही. सोल्डर वायरीच्या तारांमध्ये वर चढतं आणि जिथे ते संपतं तिथे वायर कडक होते. थरथर नेमकी त्या जागी तार तोडते.

१२ ऑक्टोबर : अँटेना कुठे, जमीन कुठली

प्रकल्पातलं मोठं घोडं इथे अडतं. चारचाकीच्या छपरावर पाव तरंगलांबीची काडी उभी केली की खालचा पत्रा अँटेनाचा दुसरा अर्धा भाग होतो, यालाच जमीन म्हणतात. मोटरसायकलला छप्परच नाही. काडी कितीही चांगली असली तरी तिला खालून आधार नसेल तर कोअॅक्सची बाहेरची जाळीच अँटेना होऊन बसते, आणि ती जाळी सीटखालून, सेटमधून, माइकच्या वायरीतून हेल्मेटपर्यंत पोचते.

पर्याय दोन होते. एक, अर्ध्या तरंगलांबीची, तळाशी जुळणीची कॉइल असलेली काडी. तिला जमीन लागत नाही, पण ती जवळपास १ मीटर लांब असते, वाऱ्यात वाकते, फांद्यांना लागते. दोन, पाव तरंगलांबीची काडी, अर्धा मीटरची, पण जमीन आपण तयार करून द्यायची. दुसरा घेतला. अर्ध्या मीटरची काडी ताशी ८० ला जवळजवळ उभी राहते. वाकलेल्या काडीचा सिग्नल आडवा होतो आणि समोरच्या उभ्या अँटेनाला कमी पडतो.

मागच्या कॅरियरवर ३० बाय २० सेंटिमीटरचा, ३ मिलिमीटर जाड अॅल्युमिनियमचा पत्रा चार एम६ बोल्टनी बसवला. मधोमध अँटेनाचा तळ. या पत्र्याच्या चार कोपऱ्यांतून ५० सेंटिमीटरच्या चार इन्सुलेटेड वायरी सोडल्या : दोन सीटच्या कडेने पुढे, दोन बॅगांच्या लोखंडी चौकटीच्या आतून खाली. टोकं मोकळी, टेप लावून बंद. दिसायला त्या काहीच नाहीत, पण काम त्याच करतात.

कॅरियरवर पावडर कोटिंग होतं. बोल्ट घट्ट, मीटर मात्र पत्रा आणि चासीमध्ये अनंत ओहम दाखवतो. पावडर कोटिंग हा चांगला इन्सुलेटर आहे. प्रत्येक बोल्टखाली पैशाएवढी जागा कानसीने चकचकीत केली, दातेरी वॉशर घातला, वर गंज न लागण्यासाठी ग्रीस. आता ०.१ ओहमच्या आत.

काडी स्प्रिंग स्टीलची, २ मिलिमीटर. वरच्या टोकाला गोळी बसवलीच पाहिजे. उभ्या गाडीशी वाकलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ते टोक येतं.

कोअॅक्स आरजी-५८, दीड मीटर. या वारंवारितेला तिची घट मीटरला ०.२ डेसिबलच्या आसपास, म्हणजे इथे ०.३ डेसिबल. एवढ्या लांबीला महागडी जाड केबल घालण्यात काही अर्थ नाही, उलट ती वळत नाही. वळण ५ सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा तंग ठेवलं नाही.

१३ ऑक्टोबर : काडी कापणे

हिशेब : ३०० भागिले १४५ म्हणजे २.०७ मीटर, त्याचा पाव ५१.७ सेंटिमीटर, आणि काडीला जाडी असल्याने त्याच्या ९५ टक्क्यांच्या आसपास. सुरुवात ५२० मिलिमीटरपासून केली. कापलेली काडी परत वाढत नाही.

गाडी मुख्य स्टँडवर, भिंतीपासून ३ मीटर दूर, सीट लावलेली, बॅगा लावलेल्या. अँटेना विश्लेषकाचे आकडे (एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती परतते त्याचं माप, १ सर्वांत चांगला; तळ म्हणजे तो जिथे सर्वांत कमी असतो ती वारंवारिता) :

५२० मिलिमीटर : तळ १३७.५ मेगाहर्ट्झला.
५०५ : १४१.६.
४९८ : १४३.६.
४९३ : १४५.०. एसडब्ल्यूआर १.३.

म्हणजे ५ मिलिमीटरला सुमारे १.४ मेगाहर्ट्झ. शेवटचे कट कातरीने नाहीत, कानसीने. ४९३ ला १४४ आणि १४६ या दोन्ही टोकांना एसडब्ल्यूआर १.५ च्या आत राहतो. १.५ ला परतणारी शक्ती ४ टक्के, २ ला ११ टक्के. १.३ वरून १.१ करायला दिवस घालवू नये, कानाला फरक कळत नाही.

मुद्दाम करून पाहिलेली गोष्ट : चारही वायरी पत्र्यावरून सोडवून तेच माप घेतलं. एसडब्ल्यूआर २.८, तळ पसरट, आणि कोअॅक्सला हात लावला की आकडा हलतो. केबलला हात लावून आकडा हलत असेल तर काडी कापत बसू नका, अडचण जमिनीत आहे. वायरी परत जोडल्यावर केबल मुठीत धरली तरी काटा जागचा हलला नाही.

१७ ऑक्टोबर : अंगावर किती पडतं

अँटेना चालवणाऱ्याच्या पाठीपासून ७० सेंटिमीटरवर आहे. सर्वसामान्य माणसांसाठी या पट्ट्यात आयसीएनआयआरपीची (रेडिओ लहरींपासून संरक्षणाच्या मर्यादा सुचवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) मर्यादा २ वॅट प्रति चौरस मीटर, सरासरीवर. साधा हिशेब : (शक्ती गुणिले १.६४) भागिले (१२.५७ गुणिले मीटरमधल्या अंतराचा वर्ग). २५ वॅटला ६.७ येतात. एकतृतीयांश वेळ बोलणं धरलं तरी २.२, मर्यादेबाहेर. १० वॅटला २.७, सरासरी ०.९. मागे दुसरा माणूस बसला तर त्याची पाठ ३५ सेंटिमीटरवर येते. १० वॅटला सरासरी ३.६, म्हणजे नको. ५ वॅटला १.८.

इतक्या जवळ हे सूत्र ढोबळ आहे, म्हणून हात राखून नियम केला : एकट्याने १० वॅट, मागे कुणी असेल तर ५ वॅट आणि तेही थोडक्यात बोलणं. सेटच्या मेमरीत २५ वॅट ठेवलेलंच नाही.

२० ऑक्टोबर : हेल्मेट

ताशी १०० च्या आसपास हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज ९५ ते १०० डेसिबलपर्यंत जातो. त्यावर मात करायला स्पीकर मोठा करत जाणं म्हणजे कानाचं नुकसान. खरा फायदा जागेत आहे. ४० मिलिमीटरचे चपटे स्पीकर कानाच्या छिद्रासमोर नेमके आले पाहिजेत. १५ मिलिमीटर सरकले तर निम्मा आवाज जातो. आधी चिकटपट्टीने चिकटवले, हेल्मेट घालून बोटाने दोन-दोन मिलिमीटर सरकवत जागा शोधली, मगच कायमचे केले. फक्त हेल्मेटमध्ये मुळात असलेल्या कानाच्या खोबणीत बसवायचे. थर्मोकोलसारखा पांढरा थर कोरायचा नाही, डोकं वाचवतो तो तोच.

माइक इलेक्ट्रेट, आवाज छाटणारा, पुढे आणि मागे दोन्हीकडे छिद्र असलेला. दूरचा आवाज दोन्ही छिद्रांतून सारखाच शिरतो आणि कटतो, ओठांचा फक्त पुढून येतो. म्हणून दोन गोष्टी पाळाव्या लागतात. माइक ओठांना जवळजवळ टेकलेला हवा. ३ सेंटिमीटर लांब गेला की छाटणी संपते. आणि मागचं छिद्र टेपने किंवा गोंदाने बुजता कामा नये. पहिल्या जोडणीत माइकची पाठ हनुवटीच्या अस्तरावर दुहेरी टेपने चिकटवली होती. उभ्या गाडीवर आवाज उत्तम, ताशी ६० ला नुसतं वादळ. टेप काढून माइक बारीक तारेच्या दांडीवर मोकळा ठेवला, वर दाट फोमची टोपी. त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला शब्द वेगळे ऐकू आले.

माइकचा गेन (आवाज वाढवण्याचं प्रमाण) कमी ठेवायचा आणि आवाज नेहमीच्या बोलण्याइतका. गेन वाढवला की सेटमधला मर्यादक (आवाजाची वरची पातळी बांधणारा भाग) वाऱ्यालाच पूर्ण पातळीपर्यंत उचलतो, शब्दांमधल्या मोकळ्या जागा वाऱ्याने भरतात. बटण न दाबता आवाजावर आपोआप चालू होणारा व्हॉक्स वाऱ्यानेही चालू होतो, म्हणून तो बंद.

इलेक्ट्रेटला बायस (चालण्यासाठी थोडं व्होल्टेज) लागतो, सेटच्या माइक पिनवर काही व्होल्ट आहेत का ते मीटरने आधी पाहायचं. आणि आरजे-४५ सॉकेटच्या आठ पिनांची मांडणी कंपनीनुसार बदलते, वायरींच्या रंगांवर तर मुळीच विश्वास ठेवू नये.

स्पीकरबद्दल एक इशारा, कारण यात सेट कायमचा जातो. काही सेटांत स्पीकरच्या दोन्ही वायरी अॅम्प्लिफायरच्या आऊटपुटला असतात, एकही अर्थिंगला नसते. अशा सेटचा स्पीकर निगेटिव्ह चासीला टेकला की अॅम्प्लिफायर जळतो. सेट चालू करून दोन्ही वायरी चासीच्या तुलनेत मोजा. दोन्हींवर पुरवठ्याच्या निम्मं, ६-७ व्होल्ट, दिसलं तर तो असा सेट आहे.

२३ ऑक्टोबर : पीटीटी आणि सुटणारा प्लग

बटण डाव्या हँडलवर, अंगठ्याला पोचणारं, हॉर्नपासून २ सेंटिमीटर लांब. हातमोजे घालून दाबून पाहिलं. दाबलं की टक् लागावं, नाहीतर मोज्यातून कळत नाही आणि वाक्याचा पहिला शब्द जातो.

हेल्मेट आणि गाडीमधला जोड पाच-पिनी डिन, गोल, नुसता ओढून सुटणारा. आटे फिरवून घट्ट होणारे धातूचे कनेक्टर दिसायला मजबूत असतात, पण इथे नकोत. पडल्यावर माणूस गाडीपासून सुटला पाहिजे. विसरून उतरलं तरी मान ओढली जाता कामा नये. ओढून पाहायचं ते सरळ रेषेत नाही, तिरकं ओढून. पडताना कुणी सरळ ओढत नाही.

वायरी हँडलच्या खालून आणताना हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवून, मगच टाय बांधले.

२६ ऑक्टोबर : शिट्टी

पहिली खरी फेरी. ऐकणं स्वच्छ. बोलताना समोरच्या टोकाला आरपीएमबरोबर चढणारी शिट्टी, शब्दांवर चढून. अशा वेळी एकदम सगळं बदलू नये. क्रम असा ठेवला.

इंजिन बंद, किल्ली चालू : शिट्टी नाही. इंजिन चालू, सेट वेगळ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर : शिट्टी आहेच. म्हणजे ती पुरवठ्याच्या वायरीतून येत नाही, फिल्टर लावून उपयोग नव्हता. सेटचा स्वतःचा माइक लावून, हेल्मेटचं सगळं काढून : शिट्टी गेली. दोष हेल्मेट ते सेट या वाटेवर. प्लग सुटा ठेवून पीटीटीच्या बटणाच्या बॉडीपासून हँडलला मोजलं : ० ओहम. बटणाची परतीची वायर हँडलवरच घेतली होती, वायर वाचवण्यासाठी. त्यामुळे माइकची अर्थिंग दोन जागी झाली, एकदा सेटमध्ये आणि एकदा हँडलवर. या दोन जागांमध्ये चार्जिंगच्या करंटमुळे काही मिलिव्होल्टचा फरक असतो. माइकचा सिग्नलही काही मिलिव्होल्टचाच, म्हणून शिट्टी शब्दांएवढी मोठी.

बदल : बटणाला दोन्ही वायरी स्वतंत्र, जाळी असलेल्या केबलमधून, जाळी फक्त सेटच्या टोकाला जोडलेली. बटण हँडलपासून रबराने वेगळं. शिट्टी पूर्ण बंद. याने जमलं नसतं तर माइकच्या वाटेवर ६०० ला ६०० ओहमचा एकास एक ट्रान्सफॉर्मर टाकून दोन्ही बाजू तोडायच्या होत्या.

दुसरा दोष त्याच दिवशी. १० वॅटवर बोललं की समोरच्याला घुमारा ऐकू येतो, ५ वॅटवर नाही. शक्तीबरोबर बदलतो म्हणजे आपलाच सिग्नल माइकमध्ये शिरतोय. माइकच्या कॅप्सूलवर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावून पाहिला, काही फरक नाही. ते अपेक्षितच होतं. १ सेंटिमीटरच्या पायांचं इंडक्टन्स १० नॅनोहेन्रीच्या आसपास असतं. १०० नॅनोफॅरडबरोबर ते ५ मेगाहर्ट्झच्या आसपासच संपतं, १४५ ला तो कपॅसिटर कपॅसिटर राहत नाही. १०० पिकोफॅरड आणि तेच पाय यांचा मेळ १५९ मेगाहर्ट्झला बसतो, आपल्या पट्ट्याच्या अगदी शेजारी. १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक, कॅप्सूलच्या दोन्ही टोकांवर पाय कापून सोल्डर केला. शिवाय सेटजवळ माइकच्या केबलचे फेराइटच्या (गोंगाट अडवणाऱ्या) कड्यात तीन वेढे. घुमारा गेला.

उरलेली खरखर ऐकताना, फक्त फोन चार्जिंगला असताना. यूएसबी चार्जरमधला स्विचिंग कन्व्हर्टर. चार्जर बदलला, फेराइटने अर्धीच कमी झाली होती. स्पार्क प्लग रेझिस्टरवालाच आहे हेही पाहून घेतलं, नावात आर अक्षर असतं.

२ नोव्हेंबर : सेट सीटखाली बंद पडला

सीटखालच्या डब्यात सेट ठेवला होता, कोरडा आणि सुरक्षित. चाळीस मिनिटांनी बोलताना शक्ती आपोआप उतरली, मग सेट बंद. १० वॅट हवेत जातात, ४८ वॅट आत येतात. उरलेल्या ३८ वॅटची उष्णता त्या डब्यात साठते, त्यात खालून इंजिनची भर. सेटची बॉडी हात ठेवता येणार नाही इतकी तापली होती. सेट शेपटीकडच्या चौकटीत हलवला, पंख उभे, दोन्ही बाजूंना २५ मिलिमीटर मोकळी जागा, वरून पाणी अडवणारा पत्रा. रबरी बुशांवर. पुढची पट्टी हँडलजवळ, वेगळ्या केबलने.

५ नोव्हेंबर : गाडीच्या मेंदूवर परिणाम

मुख्य स्टँडवर, इंजिन १५००, ३०००, ५००० आरपीएमला. प्रत्येकी १० सेकंद पीटीटी. डॅशबोर्ड, एबीएसचा दिवा, आयडल पाहिलं. १० वॅटला काही नाही. मुद्दाम २५ वॅट दिल्यावर इंधनाचा काटा थरथरला. कोअॅक्स मूळ वायरिंगच्या जुडग्यापासून ८ सेंटिमीटर दूर नेली, जिथे ओलांडावं लागतं तिथे काटकोनात. काटा स्थिर. ही तपासणी उभ्या गाडीवरच करायची. चालत्या गाडीत एबीएस किंवा इंजेक्शन गोंधळलं तर ते कळण्याची ती जागा नाही.

९ नोव्हेंबर : पाणी

पाइपने दहा मिनिटं वरून आणि मागच्या चाकाकडून खालून. दुसऱ्या दिवशी एसडब्ल्यूआर १.३ चा १.९. कोअॅक्सचा पीएल-२५९ जोड उघडला तर आत थेंब. हा जोड स्वतः पाणी अडवत नाही, आणि एकदा जाळीत शिरलेलं पाणी केशाकर्षणाने पुढे चढत जातं. २० सेंटिमीटर केबल कापून टाकली, नवा जोड, त्यावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप निम्मा-निम्मा पदर चढवत, खालून वर, म्हणजे पदर कौलांसारखे पाणी टाकतील. वर साधी काळी टेप. जोडाआधी केबलला खाली झुकणारं एक वळण, पाणी तिथून टपकून जावं म्हणून. माइकच्या डिन प्लगमध्ये सिलिकॉन ग्रीस. परत पाणी मारलं, परत १.३.

१६ नोव्हेंबर : पल्ला

सपाट, मोकळा रस्ता. दुसऱ्या गाडीवर ५ वॅटचा हातातला सेट. त्याची छोटी रबरी अँटेना, सेट जॅकेटच्या खिशात : दीड किलोमीटर. तोच सेट, तीच अँटेना, खिशातून बाहेर, खांद्याला : सव्वातीन. त्याच सेटला दुसऱ्या गाडीच्या कॅरियरवर अशीच पाव तरंगलांबीची काडी आणि वायरी : आठ किलोमीटर, शेवटचा एक खरखरीत. टोकं १.६ मीटरवर असताना ४.१२ गुणिले उंचीचं वर्गमूळ असा हिशेब धरला तर दोन गाड्यांमध्ये साधारण १०.४ किलोमीटर निघतात, तेव्हा आठ ठीकच. आपल्याकडची शक्ती ५, १० आणि २५ करून पाहिली. आठव्या किलोमीटरला खरखर कमी-जास्त झाली, पल्ला म्हणावा तसा वाढला नाही. मधे टेकडी आली की २५ वॅटही गप्प.

पहिल्या तासात आवाज बारीक येत होता. दोन सेटांपैकी एक २५ किलोहर्ट्झच्या रुंद चॅनेलवर आणि दुसरा १२.५ च्या अरुंदवर होता. अरुंदवरून रुंदवर आवाज लहान येतो, उलट दिशेला फाटतो. दोन्ही सारखे केले, गेनला हात लावला नाही. ८८.५ हर्ट्झचा टोन दोन्हीकडे लावला आहे, तो आला तरच सेट आवाज सोडतो. टोन ओळखायला समोरच्या सेटला सुमारे पाव सेकंद लागतं, तेव्हा पीटीटी दाबून अर्धा सेकंद थांबायचं आणि मग बोलायचं.

३० नोव्हेंबर : ६०० किलोमीटरनंतर

प्रत्येक बोल्टवर मार्करची रेघ मारली होती. पत्र्याचे चारपैकी दोन बोल्ट आठव्या भागाने फिरलेले. निळा थ्रेडलॉकर लावून परत कसले. फ्यूज होल्डरचा एक टाय सुटलेला. पुढे बॅगांच्या चौकटीतून जाणाऱ्या एका वायरीचं इन्सुलेशन धारेला घासून पांढरं पडलं होतं, त्यावर स्लीव्ह चढवली. माइकची फोमची टोपी घामाने कडक झाली, दोन सुट्या टोप्या सीटखाली ठेवल्या. एसडब्ल्यूआर १.३, बॅटरीचं विश्रांतीतलं व्होल्टेज १२.७. ताशी ८० ला समोरच्याने वाचून दाखवलेले वीस आकडे वीसही बरोबर लिहिले गेले, उलट बाजूला एकोणीस. चुकला तो ट्रकच्या शेजारून जाताना.